विश्लेषण : दोन पावले सरकताच मोबाइलची ‘रेंज’ का बदलते? हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८८ मध्येच दिले होते उत्तर

फोन कानाला लावून बोलताना आवाज तुटू लागला की आपण खिडकीकडे सरकतो, कधी नुसता हात थोडा बाजूला नेतो आणि आवाज पुन्हा स्पष्ट होतो. मनोरा तोच, फोन तोच, बदलते फक्त जागा. भावी दूरसंचार यंत्रणांवर काम करणारे अभियंते आता हेच काम अँटेनाकडे सोपवू पाहत आहेत. माणसाने सरकण्याऐवजी अँटेनाच काही मिलिमीटर किंवा सेंटिमीटर सरकेल, वळेल किंवा आकार बदलेल, अशी ही कल्पना आहे. तिच्या मुळाशी असलेली गोष्ट सर्वप्रथम प्रयोगाने दाखवली ती अवघे ३६ वर्षांचे आयुष्य लाभलेल्या हाइनरिश हर्ट्झ या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने. फोनच्या जाहिरातीतील ‘१२० हर्ट्झ डिस्प्ले’ आणि ‘गिगाहर्ट्झ प्रोसेसर’ यांतून रोज भेटणारे हे नाव नेमके कोणाचे?

हालणाऱ्या अँटेनाची गरज का भासते?

मनोऱ्यावरून निघालेली रेडिओ लहर फोनपर्यंत एकाच वाटेने येत नाही. इमारती, जमीन, वाहने, घरातील भिंती आणि लोखंडी कपाटे यांच्यावर आपटून ती अनेक वाटांनी येते. या लहरी एकमेकींत मिसळतात. दोन लहरींचे उंचवटे एकाच जागी आले, तर तिथे संदेश जोरकस होतो. एकीचा उंचवटा आणि दुसरीचा खळगा एकत्र आला, तर दोघी एकमेकींना पुसून टाकतात. त्यामुळे एकाच खोलीत संदेश जोरकस असलेल्या आणि मंद असलेल्या जागांची जाळी विणली जाते. त्या जागांमधील अंतर लहरीच्या लांबीवर ठरते. भारतात ५-जीसाठी वापरल्या जाणाऱ्या ३.३ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ही लांबी सुमारे ९ सेंटिमीटर आहे. २६ गिगाहर्ट्झला ती जेमतेम साडेअकरा मिलिमीटर होते. साधारण अर्ध्या लांबीइतके सरकले, तरी चित्र पालटू शकते.

आजच्या फोनमधील आणि मनोऱ्यांवरील बहुतेक अँटेना एका जागी घट्ट बसवलेल्या असतात. नेमकी ती जागा मंद निघाली, तर शक्ती वाढवणे किंवा अँटेनांची संख्या वाढवणे हे मार्ग उरतात. दोन्ही खर्चिक आहेत. अँटेनाच थोडी सरकली तर? या प्रश्नाचे मूळ जर्मनीतील कार्ल्सरूह शहरातील एका व्याख्यानगृहात सापडते. तिथे हर्ट्झ तारेचे एक कडे हातात घेऊन, त्यातील ठिणगी कुठे मोठी होते आणि कुठे विझते, हे पाहत फिरले होते.

हर्ट्झ घडले कसे?

हाइनरिश रुडॉल्फ हर्ट्झ यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी हॅम्बुर्ग येथे झाला. वडील गुस्ताव वकील होते आणि पुढे शहराच्या सिनेटचे सदस्य झाले. वडिलांचे घराणे मूळचे ज्यू. त्यांनी लहानपणीच ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. आई ॲना एका डॉक्टरांची मुलगी. सुखवस्तू घरातील या मुलाची पुस्तकांशी जेवढी गट्टी होती, तेवढीच हत्यारांशीही होती. भाषांची आवड एवढी, की त्याने अरबीचेही धडे घेतले. दुसरीकडे लाकूडकामाचे यंत्र चालवायला तो एका कारागिराकडे शिकला. हा मुलगा पुढे प्राध्यापक झाल्याचे कळल्यावर त्या कारागिराला वाईट वाटले, एक उत्तम कातारी हातचा गेला म्हणून, अशी आठवण हर्ट्झ यांच्या घरात सांगितली जात असे.

या आठवणीला महत्त्व आहे. हर्ट्झ यांनी पुढे जे सिद्ध केले, त्यासाठी लागणारी उपकरणे बाजारात मिळत नव्हती. तार किती लांब, गोळा किती मोठा, दोन टोकांमधील फट किती बारीक, हे सारे स्वतः करून, मोडून आणि पुन्हा करून पाहावे लागणार होते.

सुरुवातीला त्यांना अभियंता व्हायचे होते. फ्रँकफुर्टमध्ये एक वर्ष प्रत्यक्ष कामाचा अनुभव, ड्रेस्डेनच्या तंत्रशिक्षण संस्थेत थोडा काळ शिक्षण, मग रेल्वे पलटणीत सक्तीची लष्करी सेवा, असा त्यांचा प्रवास झाला. १८७७ मध्ये म्युनिकला पोहोचल्यावर मात्र त्यांनी वडिलांची संमती मागून वाट बदलली आणि भौतिकशास्त्राकडे वळले. पुढच्याच वर्षी ते बर्लिनला गेले. तिथे हर्मान फोन हेल्महोल्ट्झ आणि गुस्ताव किर्शहोफ हे त्या काळचे दिग्गज शिकवत होते. हेल्महोल्ट्झ यांनी या विद्यार्थ्याला लगेच हेरले. विद्युतप्रवाहाला जडत्व असते का, या प्रश्नावरील विद्यापीठाचे पारितोषिक हर्ट्झ यांनी १८७९ मध्ये पटकावले. १८८० मध्ये, वयाच्या २३ व्या वर्षी, त्यांना डॉक्टरेट मिळाली.

बर्लिनमध्ये सोडून दिलेला प्रश्न कोणता?

स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी १८६० च्या दशकात गणिताने असे मांडले होते, की वीज आणि चुंबकत्व यांच्या लहरी मोकळ्या जागेतून प्रकाशाच्या वेगाने जातात. किंबहुना प्रकाश हीसुद्धा तशीच लहर आहे. मात्र याचा थेट पुरावा कोणाकडे नव्हता. युरोपातील अनेक शास्त्रज्ञ तर विजेचा परिणाम मधल्या जागेचा काही संबंध न येता तत्क्षणी दूर पोहोचतो, असे मानत होते.

बर्लिनच्या विज्ञान अकादमीने १८७९ मध्ये या वादाच्या एका भागावर पारितोषिक जाहीर केले. हर्ट्झ यांनी ते हाती घ्यावे, असे हेल्महोल्ट्झ यांनी सुचवले. हर्ट्झ यांनी गणित मांडून पाहिले. उपलब्ध साधनांनी निर्माण होणारी विजेची आंदोलने फारच मंद आहेत आणि त्यांतून दिसेल असा परिणाम मिळणार नाही, असा निष्कर्ष काढून त्यांनी तो प्रश्न बाजूला ठेवला. पण तो मनातून गेला नाही. आंदोलने पुरेशी जलद कशी करता येतील, याकडे त्यांचे लक्ष राहिले.

तीन वर्षे हेल्महोल्ट्झ यांचे सहायक म्हणून काम केल्यावर १८८३ मध्ये ते कील विद्यापीठात शिकवायला गेले. तिथे प्रयोगांची सोय तुटपुंजी होती. त्यामुळे त्यांनी सिद्धांतावर भर दिला आणि १८८४ मध्ये मॅक्सवेल यांच्या समीकरणांवर महत्त्वाचा निबंध लिहिला. १८८५ मध्ये कार्ल्सरूहच्या तांत्रिक विद्यालयात त्यांना प्राध्यापकपद मिळाले. पुढच्या वर्षी त्यांनी तेथील भूमितीच्या अध्यापकांची कन्या एलिझाबेथ डोल यांच्याशी विवाह केला.

कार्ल्सरूहमध्ये काय हाती लागले?

१८८६ च्या शरद ऋतूत विद्यालयाच्या साहित्यात हर्ट्झ यांना सपाट वेटोळ्यांची एक जुनी जोडी मिळाली. एका वेटोळ्यातून विजेची ठिणगी सोडली, की शेजारच्या न जोडलेल्या वेटोळ्याच्या टोकांमध्येही ठिणगी उडे. ती इतक्या सहज उडते याचा अर्थ आंदोलने अतिशय जलद असली पाहिजेत, हे हर्ट्झ यांच्या लक्षात आले. सात वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये अडलेली वाट इथे मोकळी झाली.

त्यांनी वेटोळी बाजूला ठेवून साधी सरळ तार घेतली. तिच्या दोन्ही टोकांना सुमारे ३० सेंटिमीटर व्यासाचे जस्ताचे गोळे बसवले आणि मध्यभागी लहानशी फट ठेवली. उच्च दाबाची वीज देताच फटीत ठिणगी उडे आणि तारेतील वीज एका गोळ्याकडून दुसऱ्याकडे प्रचंड वेगाने झुलू लागे. हे झाले प्रक्षेपक. ग्राहक त्याहून साधा होता. तारेचे एक कडे आणि त्यात स्क्रूने कमी-जास्त करता येणारी बारीकशी फट. लहर कड्यापर्यंत पोहोचली, तर त्या फटीत ठिणगी चमकावी, एवढीच अपेक्षा होती.

कड्याचा आकार बदलत गेल्यावर त्यांना दिसले, की एका ठरावीक मापाला ठिणगी सर्वांत मोठी होते. त्याहून लहान किंवा मोठे कडे घेतले, की ती रोडावते. अँटेनाचे माप लहरीशी जुळले पाहिजे, हा आजही पाळला जाणारा नियम त्यातून प्रयोगाने समोर आला. अँटेना हा शब्द मात्र रेडिओसाठी तेव्हा रूढ नव्हता.

ही ठिणगी पाहणे सोपे नव्हते. अनेकदा ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी असे आणि सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाएवढा काळ टिके. अंधार करून, डोळे त्या अंधाराला सरावेपर्यंत थांबून ती शोधावी लागे. ठिणगी नीट दिसावी म्हणून त्यांनी कड्यावर झाकण घातले, तर ती आणखी लहान झाली. या विचित्र गोष्टीचा त्यांनी माग काढला. प्रक्षेपकाच्या ठिणगीतून येणारा अतिनील प्रकाश अडल्यामुळे असे होते, हे त्यांनी १८८७ मध्ये दाखवले. आज ज्याला प्रकाशविद्युत परिणाम म्हणतात आणि ज्याचे स्पष्टीकरण १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी दिले, त्याची ही पहिली नोंद. हर्ट्झ यांनी निरीक्षण प्रसिद्ध केले आणि ते आपल्या मूळ कामाकडे परतले. बर्लिन अकादमीच्या जुन्या प्रश्नाचे उत्तरही त्यांनी त्याच वर्षाअखेर हेल्महोल्ट्झ यांच्याकडे पाठवले.

व्याख्यानगृहात कडे घेऊन फिरण्यातून काय सिद्ध झाले?

लहर आहे, हे दाखवायचे तर तिची लांबी मोजली पाहिजे. पण प्रकाशाच्या वेगाने धावणारी लहर मोजायची कशी? हर्ट्झ यांनी युक्ती केली. त्यांनी तिला भिंतीवर आपटून परत पाठवले. जाणारी आणि परतणारी लहर एकमेकींत मिसळली, की जागच्या जागी झुलणारी लहर तयार होते. दोरीचे एक टोक खांबाला बांधून दुसरे हलवले, की दोरीचे काही बिंदू जोरात हलतात आणि काही जवळजवळ स्थिर राहतात, तसेच इथे घडते. शाळेच्या पुस्तकात या बिंदूंना प्रस्पंद आणि निस्पंद म्हणतात.

विद्यालयाचे व्याख्यानगृह १५ मीटर लांब, १४ मीटर रुंद आणि ६ मीटर उंच होते. एका टोकाच्या भिंतीवर ४ मीटर उंच आणि २ मीटर रुंद जस्ताचा पत्रा लावला गेला. त्यापासून १३ मीटरवर प्रक्षेपक ठेवला. छतावरून लोंबणाऱ्या गॅसच्या नळ्या काढल्या. मग ३५ सेंटिमीटर त्रिज्येचे कडे घेऊन हर्ट्झ पत्र्याकडून प्रक्षेपकाच्या दिशेने सरकत गेले. कुठे ठिणगी वाढली, मग रोडावली, मग जवळजवळ नाहीशी झाली आणि पुन्हा वाढली. ठिणगी नाहीशी होण्याच्या दोन जागांमधील अंतर म्हणजे लहरीची अर्धी लांबी. ते सुमारे ४.८ मीटर भरले, म्हणजे पूर्ण लांबी ९.६ मीटर.

विजेची लहर हवेतून जाते, हे १८८८ मधील या प्रयोगाने डोळ्यांना दाखवले. याच प्रयोगात आणखी एक गोष्ट होती, तिचे मोल आज कळते. प्रक्षेपकाची शक्ती तीच, कडे तेच, तरीही एका जागी ठिणगी आणि काही पावलांवर अंधार. संदेश किती चांगला मिळणार हे केवळ अंतरावर नव्हे, तर अँटेना नेमकी कुठे आहे यावर ठरते, हेही त्यातून सिद्ध झाले. शिवाय एकच ग्राहक अनेक जागी नेऊन त्यांनी साऱ्या दालनाचा नकाशा तयार केला. अनेक अँटेनांचे काम एका फिरत्या अँटेनाने केले.

भिंतींनी हर्ट्झ यांना कसे चकवले?

हे सारे निर्विघ्न पार पडले नाही. त्याआधीच्या एका प्रयोगात हर्ट्झ यांनी तारेतून जाणारी लहर आणि हवेतून जाणारी लहर यांच्या वेगाची तुलना केली होती. मॅक्सवेल यांच्या सिद्धांतानुसार दोन्ही वेग सारखे असायला हवेत. हर्ट्झ यांना मात्र तारेतील लहर बरीच मंद आढळली. हा निकाल खरा मानला, तर जो सिद्धांत सिद्ध करायला निघालो तोच अडचणीत येतो, अशी स्थिती झाली. आपल्या गणितातही एक चूक राहून गेल्याचे त्यांना पुढे फ्रेंच गणिती आंरी प्वांकारे यांच्याकडून कळले. ती त्यांनी मान्य केली.

वेगातील फरकाचे कारण पुढे स्पष्ट झाले. दालनात लोखंडी खांबांच्या दोन रांगा होत्या आणि त्या जवळजवळ सलग भिंतीसारख्या वागत होत्या. लांब लहरींना ती जागा अपुरी होती. परतणाऱ्या लहरी मोजमापात मिसळत होत्या. जिनिव्हाचे एदुआर सारासाँ आणि ल्युसियाँ द ला रीव यांनी १८९३ मध्ये बरेच मोठे दालन आणि मोठा पत्रा वापरून प्रयोग केला, तेव्हा हवा आणि तार यांतील वेग सारखेच निघाले. मॅक्सवेल बरोबर होते.

आजच्या शहरात फोनला जो त्रास होतो, तो हाच. परतणाऱ्या लहरींनी हर्ट्झ यांना एकदा चकवले आणि एकदा पुरावा दिला. पत्र्यावरून परतणारी लहर त्यांनी मुद्दाम निर्माण केली आणि कडे सरकवून तिचा उपयोग करून घेतला. हालत्या अँटेनांचे संशोधन याच दुसऱ्या मार्गाने चालले आहे. परतणाऱ्या लहरी टाळता येत नाहीत, तर त्या जिथे एकमेकींना साथ देतात ती जागा शोधायची.

अँटेना वळवल्यावर काय घडले?

लांब लहरींना दालन पुरत नाही, हे कळल्यावर हर्ट्झ यांनी लहरच लहान केली. अवघ्या २६ सेंटिमीटर लांबीचा पितळी प्रक्षेपक करून त्यांनी सुमारे ६६ सेंटिमीटरची लहर मिळवली. जस्ताचे पत्रे वाकवून २ मीटर उंचीचे दोन पन्हाळीसारखे अंतर्वक्र आरसे केले. एकात प्रक्षेपक, दुसऱ्यात ग्राहक. आता लहर टॉर्चच्या झोतासारखी एका दिशेने जाऊ लागली. ती लाकडी दरवाजातून पलीकडच्या खोलीत पोहोचली, धातूच्या पत्र्यावरून प्रकाशासारखीच परावर्तित झाली. डांबरासारख्या पदार्थाचा सुमारे ६०० किलो वजनाचा लोलक तयार करून त्यांनी ती वाकवूनही दाखवली.

मग त्यांनी ग्राहकाचा आरसा जागच्या जागी फिरवला. दोन्ही आरसे एकाच दिशेत उभे असताना चमकणारी ठिणगी, ग्राहक आडवा होईतोवर मंद होत गेली आणि काटकोनात पूर्ण विझली. लहरीला उभी-आडवी अशी दिशा असते आणि अँटेना त्या दिशेशी जुळली तरच ती लहर पकडते, असा याचा अर्थ. छतावरील टीव्हीची अँटेना फिरवून चित्र स्पष्ट करणाऱ्या पिढीने हा नियम अनुभवलेला आहे. आजच्या संशोधनातही अँटेना केवळ डावी-उजवीकडे, वर-खाली, मागे-पुढे सरकावी एवढेच नव्हे, तर तीन अक्षांभोवती वळावी, असा विचार होतो.

डिसेंबर १८८८ मध्ये हे निष्कर्ष बर्लिन अकादमीपुढे आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयर्लंडचे जॉर्ज फिट्झजेराल्ड यांनी इंग्लंडमधील बाथ येथील अधिवेशनात हर्ट्झ यांच्या आधीच्या प्रयोगांची वार्ता दिली होती. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८९० मध्ये त्यांना रमफर्ड पदक दिले.

बिनतारी संदेशाची कल्पना त्यांना का पटली नाही?

१८८९ च्या अखेरीस म्युनिकच्या एका अभियंत्याने हर्ट्झ यांना पत्र लिहून विचारले, की या लहरींनी टेलिफोनचे बोलणे पाठवता येईल का? हर्ट्झ यांनी नकारार्थी उत्तर दिले, पण त्यामागे गणित होते. आवाजाची आंदोलने सेकंदाला हजाराच्या आसपास असतात. तेवढ्या आंदोलनांची विद्युतलहर सुमारे ३०० किलोमीटर लांब होईल. ती झोतात बांधायची, तर आरसा एखाद्या खंडाएवढा मोठा लागेल.

गणित बिनचूक होते. जलद लहरीच्या पाठीवर आवाज बसवून पाठवण्याचे तंत्र मात्र अजून जन्मायचे होते. अँटेनाचा आकार लहरीच्या लांबीला बांधलेला असतो, हे हर्ट्झ यांनी ओळखले होते. आज हीच गोष्ट अभियंत्यांच्या पथ्यावर पडते. वारंवारता जितकी जास्त तितकी लहर लहान, अँटेना लहान आणि चांगली जागा गाठण्यासाठी तिला सरकावे लागणारे अंतरही लहान. ९.६ मीटरच्या लहरीत हर्ट्झ यांना दालनभर फिरावे लागले. २६ गिगाहर्ट्झला बोटाच्या पेराएवढी जागा पुरेल.

अखेरची वर्षे कशी गेली?

१८८९ मध्ये हर्ट्झ बॉन विद्यापीठात रुडॉल्फ क्लाउझियस यांच्या जागी प्राध्यापक झाले. वय ३२, कीर्ती युरोपभर, घरी पत्नी आणि मुलगी योहाना. १८९१ मध्ये दुसरी मुलगी मथिल्ड जन्मली. पण १८९२ पासून आजारपणाने त्यांना घेरले. नाक, कान आणि घशाचा त्रास वाढत गेला. अनेक शस्त्रक्रिया झाल्या, काही दिवस बरे वाटे, पुन्हा दुखणे उलटे. त्या काळी प्रतिजैविके नव्हती. रक्तवाहिन्यांना सूज आणणारा एक दुर्मीळ आजार त्यांना झाला असावा, असे आजचे अभ्यासक मानतात. अशा अवस्थेतही डिसेंबर १८९३ पर्यंत ते शिकवत होते आणि यामिकीच्या तत्त्वांवरील आपला ग्रंथ पूर्ण करत होते.

१ जानेवारी १८९४ रोजी, ३७ वा वाढदिवस दोन महिन्यांवर असताना, बॉन येथे त्यांचे निधन झाले. हॅम्बुर्गच्या ओल्सडॉर्फ स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे. तो ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. प्रस्तावना लिहिणारे गुरू हेल्महोल्ट्झ हेही सप्टेंबरमध्ये गेले. ग्रंथाचे संपादन करणारे सहायक फिलिप लेनार्ड पुढे नोबेल विजेते झाले, पण नाझींचे समर्थक आणि ज्यूविरोधी ‘जर्मन भौतिकी’चे पुरस्कर्तेही बनले. हर्ट्झ यांची मुलगी मथिल्ड जीवशास्त्रज्ञ झाली होती. आजोबांचे घराणे ज्यू असल्यामुळे १९३३ मध्ये तिचा शिकवण्याचा अधिकार हिरावला गेला आणि १९३६ मध्ये तिला इंग्लंड गाठावे लागले. ज्या नावाने १९३० मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने वारंवारतेचे एकक मान्य केले, त्याच नावाच्या मुलीला सहा वर्षांत जर्मनी सोडावा लागला. १९६० मध्ये ‘हर्ट्झ’ला वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचीही मान्यता मिळाली.

हे काम पुढे कोणी नेले?

जून १८९४ मध्ये ऑलिव्हर लॉज यांनी लंडनमध्ये हर्ट्झ यांच्या कार्यावर व्याख्यान दिले आणि ते पुस्तकरूपाने जगभर पोहोचले. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस यांनी लहर आणखी लहान करून ५ मिलिमीटरपर्यंत आणली आणि त्यासाठी टेबलावर मावतील अशी उपकरणे घडवली. त्याच सुमारास इटलीत तरुण मार्कोनी यांनी या लहरींनी संदेश पाठवण्याचे काम सुरू केले. मार्कोनी यांच्यासोबत १९०९ चे नोबेल मिळवणारे कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १९०५ मध्ये तीन अँटेनांना थोड्या वेगवेगळ्या वेळी वीज देऊन झोत हव्या त्या दिशेला वळवला. अँटेना न हलवता झोत वळवण्याची ही रीत आज ५-जीच्या मनोऱ्यांवर दिसते.

हर्ट्झ यांच्या वाकवलेल्या पत्र्यांची मोठी भावंडे भारतातही आहेत. उटी येथील ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण त्यांच्या आरशासारखीच पन्हाळीच्या आकाराची आहे. पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळ खोडद येथील ‘जीएमआरटी’मध्ये ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशाच्या हव्या त्या भागाकडे वळतात. ६६ सेंटिमीटरच्या आसपासच्या लहरीही त्या टिपतात.

आजच्या हालत्या अँटेना कशा आहेत?

गेल्या काही वर्षांत या विषयाला वेग आला आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील काई-किट वाँग आणि सहकाऱ्यांनी द्रव अँटेनाची कल्पना पुढे आणली. सिंगापूर आणि चीनमधील संशोधकांनी मोटरने सरकणाऱ्या अँटेनांचे गणित मांडले. प्रकार मुख्यतः चार आहेत. छोट्या रुळावर मोटरने सरकणारी अँटेना. नळीतील द्रवधातू पुढे-मागे ढकलून जागा बदलणारी अँटेना. बारीक ठिपक्यांपैकी हवे ते विजेच्या बटणाने जोडून, प्रत्यक्ष न हलता हलल्यासारखी वागणारी अँटेना. आणि वाकणाऱ्या पातळ पट्टीवर छापलेली, पृष्ठभागाबरोबर आकार बदलणारी अँटेना.

फायदा केवळ बोलण्यापुरता नाही. पुढच्या पिढीतील जाळ्यांनी संदेश पोहोचवण्याबरोबरच आसपासच्या वस्तू ओळखाव्यात, त्यांचे अंतर आणि दिशा मोजावी, अशी अपेक्षा आहे. दिशा अचूक कळण्यासाठी लहर दूरदूरच्या अनेक बिंदूंवर मोजावी लागते. तिथे शंभर अँटेना लावण्याऐवजी थोड्याच अँटेना सरकवून मोजमाप करता येते. हर्ट्झ यांनी एका कड्याने दालनाचा नकाशा काढला, तीच ही रीत.

अडचणी कोणत्या?

हर्ट्झ यांच्या दालनात काहीच हलत नव्हते. त्यामुळे त्यांना प्रत्येक बिंदूवर थांबून पाहायला वेळ होता. रस्त्यावर मात्र माणसे आणि वाहने हलतात आणि जोरकस जागा सेकंदाच्या लहानशा अंशात बदलते. मोटर तिथे पोहोचेपर्यंत ती जागा निघून गेलेली असू शकते. सरकण्यासाठी वीज लागते, हलणारे भाग झिजतात आणि कुठे सरकायचे हे आधी कळण्यासाठी साऱ्या जागांचा अंदाज मोजक्या मापांवरून बांधावा लागतो. म्हणूनच कारखान्यातील स्थिर यंत्रे, घरातील उपकरणे आणि मनोरे, म्हणजे जिथे परिस्थिती सावकाश बदलते अशा जागा, या तंत्रासाठी आधी योग्य ठरतील, असे मानले जाते. हातातील फोनसाठी न हलता जागा बदलणारे ठिपक्यांचे प्रकार अधिक सोयीचे ठरू शकतात.

ही सारी कामे अजून बहुतांशी प्रयोगशाळेत आणि कागदावर आहेत. मात्र त्यांचा पाया सव्वाशेहून अधिक वर्षे जुना आहे. आपल्या लहरींचा व्यवहारात काही उपयोग होईल, असे हर्ट्झ यांना वाटले नव्हते आणि तो होताना पाहण्याइतके आयुष्यही त्यांना मिळाले नाही. पण ठिणगी दिसली नाही म्हणून लहर नाही, असे त्यांनी कधी मानले नाही. त्यांनी कडे थोडे पुढे सरकवले आणि पुन्हा पाहिले. उद्याची अँटेना हेच करणार आहे, सेकंदाला अनेक वेळा.